उत्तर शोधण्याआधी अध्याय पूर्ण वाचा

मोठा निर्णय समोर आला की आपल्या अनेक ख्रिस्ती घरांत एक गोष्ट हमखास घडते. मुलीला नर्सिंगच्या नोकरीसाठी परदेशी पाठवायचं का, गावाकडची जमीन विकायची का, आलेल्या स्थळाला होकार द्यायचा का, असा काही प्रश्न असतो. घरातलं कुणीतरी डोळे मिटून प्रार्थना करतं, पवित्र शास्त्र मध्येच कुठेतरी उघडतं आणि बोट जिथे पडेल ते वचन देवाचं उत्तर म्हणून धरून बसतं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मिळालेलं वर्षाचं वचनही पुष्कळदा असंच वापरलं जातं. कार्डावर विजयाचं वचन आलं, म्हणजे धंद्यात पैसे घालायला हरकत नाही!

यामागची ओढ खरी असते. देवानं आपल्याशी बोलावं, इतक्या मोठ्या निर्णयात आपण एकटे पडू नये, असं वाटणं हा विश्वासाचाच भाग आहे. पण या पद्धतीत आपला भरवसा देवावरून सरकून योगायोगावर कधी जाऊन बसतो, ते कळत नाही. रोजच्या वाचनातून मार्गदर्शन मिळतं ते वेगळ्या वाटेनं. सलग, अध्यायामागून अध्याय वाचत गेलं की देवाचा स्वभाव ओळखीचा होतो. त्याला काय प्रिय आहे, कशाची चीड आहे, घाबरलेल्या माणसाशी तो कसा बोलतो आणि फुशारक्या मारणाऱ्याशी कसा, हे मनात मुरतं. मग निर्णयाच्या दिवशी वचन शोधत धावाधाव करावी लागत नाही. आपण ज्याला ओळखतो त्याला या बाबतीत काय वाटेल, याचा बराचसा अंदाज आपल्याला आधीच आलेला असतो.

यावर कुणी संत ऑगस्टीनचं उदाहरण देईल. इ.स. ३८६ मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत तो मनाची तगमग सोसत बसला होता. जवळच्या घरातून लहान मुलाचा आवाज कानावर आला, त्यानं पुस्तक उघडलं, रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातलं वचन समोर आलं आणि त्याचं आयुष्य पालटलं. गोष्ट खरीच आहे. मात्र पौलाची ती पत्रं तो त्याआधीपासून मन लावून वाचत होता, हे आपण विसरतो. पुढे बिशप झाल्यावर त्यानंच एका पत्रात लिहून ठेवलं की शुभवर्तमानाची पानं उघडून संसारातल्या गोष्टींचा कौल लावण्याची रीत आपल्याला पसंत नाही. देव त्या दिवशी बागेत बोलला, म्हणून रोज कौल लावत बसावं असा अर्थ खुद्द ऑगस्टीननंच काढला नाही.

अध्याय पूर्ण वाचल्यानं काय फरक पडतो, हे एका अतिशय लाडक्या वचनावरून पाहू. यिर्मया २९:११. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दहावीच्या निकालाच्या सकाळी व्हॉट्सॲपवर ते आपल्याला भेटतं. देवानं आपलं भलंच योजलं आहे आणि पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. आता पूर्ण अध्याय उघडा. ते एक पत्र आहे, यरुशलेमेत राहणाऱ्या यिर्मयानं बाबेलला पाठवलेलं. नबुखद्नेस्सर राजानं ज्यांना धरून नेलं, ज्यांचं घरदार, शेतीवाडी, मंदिर सगळं मागे राहिलं, त्यांच्यासाठी ते लिहिलं आहे. आईचं पत्र आलं तर त्यातली मधली एक ओळ वाचून आपण घडी घालून ठेवत नाही. इथेही ठेवू नये.

पत्राची सुरुवात अगदी व्यवहाराची आहे. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावून द्या. ज्या शहरात तुम्हाला कैदी म्हणून आणलं त्या शहराच्या भल्यासाठी झटा आणि प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. त्यानंतर १०वं वचन येतं आणि ते कॅलेंडरवर सहसा छापत नाहीत. बाबेलची ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन, असं देव तिथे सांगतो. सत्तर वर्षं! ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आशेचं ते लाडकं वचन येतं ते लगेच पुढच्याच ओळीत.

आता एक पान मागे, २८व्या अध्यायात या. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर उभा आहे. तो म्हणतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाच्या मानेवर खूण म्हणून असलेलं लाकडी जोखड तो काढतो आणि मोडून टाकतो. विचार करा, त्या गर्दीत आपण असतो तर कुणाचं ऐकलं असतं? दोन वर्षं सांगणाऱ्याचं, की सत्तर? यिर्मयालाही हनन्याचं बोलणं खरं ठरावं असंच वाटतं. तो आधी आमेन म्हणतो, देव तसंच करो म्हणतो, आणि मग निमूट निघून जातो. देवाचं उत्तर त्याला नंतर मिळतं. हनन्या देवाच्या नावानं बोलत होता, पण देवानं त्याला पाठवलंच नव्हतं.

एवढं वाचलं की ते कॅलेंडरवरचं वचन लहान होत नाही, उलट फार मोठं होतं. आता ते परीक्षेच्या निकालाची हमी राहत नाही. मन न रमणाऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षं राहावं लागलेल्या माणसाला देवानं दिलेला तो शब्द आहे. आखातात नोकरीसाठी गेलेला मुलगा, बीडहून पुण्याला येऊन एका खोलीत संसार मांडलेलं कुटुंब, बदली होऊन नको त्या गावात आलेली शिक्षिका, अशांना त्यात थेट सूचना आहेत. तिथलं घर घर समजून मांडा. दोन रोपं लावा. शेजाऱ्यांच्या भल्याची प्रार्थना करा. उद्या परत जायचंच आहे म्हणत आजचं जगणं पुढे ढकलू नका. एक वचन वाचणाऱ्याला धीर मिळतो. अध्याय वाचणाऱ्याला धीर मिळतोच, शिवाय सोमवारी सकाळी काय करायचं तेही कळतं.

वचन जागेवरून उचलून वापरण्याचा धोका किती खोल आहे, ते खुद्द प्रभूच्या परीक्षेत दिसतं. मत्तय ४ मध्ये सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि शास्त्रातलंच, स्तोत्र ९१ मधलं वचन ऐकवतो. वचन खरं, पण वापर खोटा. येशू तिन्ही वेळा उत्तर देतो ते अनुवाद या पुस्तकातून, ६व्या आणि ८व्या अध्यायांतून. इस्राएल लोकांच्या ४० वर्षांच्या रानातल्या प्रवासाची आठवण करून देणारा तो भाग आहे आणि येशूही तेव्हा ४० दिवस रानातच होता. उपाशी पोटी, एकटं असताना ते वचन त्याच्या ओठांवर आलं, कारण ते आत साठलेलं होतं. रोजच्या वाचनाचं मोल अशा वेळी कळतं. संकटाच्या तासाला आपण नवं काही शिकत नाही. आधी आत गेलेलं असतं तेच वर येतं.

वाचायचं कसं? आधी सुरुवातीबद्दल. एक जानेवारीला उत्पत्तीपासून आरंभ करून लेवीयपाशी येऊन थांबलेली माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. वर्षभरात संपवायचं तर रोज तीन-चार अध्याय होतात आणि सवय नसलेल्याला ते झेपत नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं मार्कपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सोळाच अध्याय आहेत, घटना भराभर पुढे जातात, येशू काय करतो हे डोळ्यांना दिसतं. मग उत्पत्ती, मग लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये, कारण ती दोन्ही एकाच लेखकाची एकाला एक जोडलेली पुस्तकं आहेत. नव्या करारात २६० अध्याय आहेत, म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तरी वर्षात नवा करार होतो आणि शनिवार-रविवार चुकलेलं भरून काढायला उरतात. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखांना जुळतात. स्तोत्रं मात्र नेहमी जोडीला ठेवा. बाकीची पुस्तकं बहुतांशी माणसांशी बोलतात, स्तोत्रं आपल्या वतीनं देवाशी बोलतात. कॅथलिक घरांत मिस्साच्या रोजच्या वाचनांचा क्रम आयता असतोच. तो पाळणाऱ्यांनी त्यातलं शुभवर्तमान ज्या अध्यायातून घेतलं आहे तो अध्याय घरी उघडून मागचा-पुढचा भाग वाचावा, एवढीच भर घालायची.

लेवीय, गणना, इतिहासाच्या याद्या यांचं काय, असं विचारलं जातं. पहिल्या फेरीत ते भाग भरभर वाचले तरी चालतील. पण कायमचे टाळू नका. कापणीच्या वेळी शेताच्या कडा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडाव्यात, ही आज्ञा लेवीयच्या १९व्या अध्यायात आहे. ती माहीत नसेल तर रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला कशी गेली, हे समजणारच नाही.

भाषांतराचाही विचार करा. आपल्याकडे बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र बहुतेक घरांत असतं. त्याची भाषा जड वाटली तर दुसरं भाषांतर शेजारी ठेवावं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे. आणि पंडिता रमाबाईंचं भाषांतर ज्यांना मिळेल त्यांनी ते जरूर हाताळावं. रमाबाई संस्कृतच्या विदुषी, विद्वानांच्या सभा गाजवलेल्या. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुली-बायांना शास्त्र समजावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं सोप्या मराठीतल्या भाषांतराला दिली. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणारे हातही तिथल्या स्त्रियांचेच होते. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं, त्याच्या थोडंच आधी हे काम हातावेगळं झालं होतं. देवावरचा भरवसा कसा असतो असं कुणी विचारलं तर मला आधी त्या आठवतात. जॉर्ज म्युलर, हडसन टेलर यांची चरित्रं वाचून देव गरजा पुरवतो या विश्वासावर त्यांनी शेकडो मुलींचा संसार मांडला आणि त्याच विश्वासानं त्यांनी शेती केली, विहिरी खणल्या, माग आणि छापखाना चालवला. भरवसा आणि नियोजन यांचं भांडण त्यांच्या आयुष्यात कुठेच दिसत नाही.

वेळ पहाटेची असावी की रात्रीची, यावर मी वाद घालणार नाही. रात्रपाळीहून आलेल्या नर्सला पहाट कुठली आणि रात्र कुठली! विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळणाऱ्याला तीही जागा चांगली. मात्र वेळ ठरलेली असावी आणि मोबाइलमध्ये निरोप बघायच्या आधीची असावी. मोबाइलवरचं बायबल प्रवासात सोयीचं आहे, तरी घरी कागदाचं पुस्तक घ्या. पडद्यावर वरून निरोप टपकत असताना यिर्मया वाचता येत नाही. शक्य असेल तर मोठ्यानं वाचा. घरात आजी असतील, त्यांना दिसत नसेल, तर त्यांच्या खाटेशी बसून वाचा. शास्त्र मुळात मंडळीत मोठ्यानं वाचलं जाण्यासाठी लिहिलेलं आहे आणि कानावर पडलेलं वेगळं लक्षात राहतं.

वाचून झाल्यावर एक वही. तिच्यात मोठं मनन लिहायची गरज नाही. समजा आज मार्क १० वाचला आणि शेवटच्या बार्तीमयापाशी मन थांबलं. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी. तो ओरडतो, गर्दी त्याला गप्प राहायला सांगते, तो आणखी मोठ्यानं ओरडतो. येशू थांबतो. ज्यांनी दटावलं त्यांनाच त्याला बोलवायला लावतो. आणि काय हवं ते उघड दिसत असतानाही, मी तुझ्यासाठी काय करू, असं त्याला विचारतो. वहीत तारीख, अध्याय आणि दोन ओळी: येशू न विचारता मदत लादत नाही. माझ्या घरात मी कुणाला न विचारता निर्णय घेतोय? दुसरी ओळ लिहिताना पेन थोडा अडखळेल. घरातली ती धाकटी मुलगी आठवेल, जिच्या कॉलेजचा निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला आणि तिला फक्त कळवला. आज संध्याकाळी तिच्याशी बोलायचं, एवढं ठरलं की त्या दिवसाचं वाचन पूर्ण झालं. देवाचं मार्गदर्शन बहुतेक दिवशी एवढंच आणि इतकंच जवळचं असतं. ते आपण पाळत नाही आणि परदेशाच्या नोकरीबद्दल आकाशवाणीची वाट पाहत बसतो.

बऱ्याच दिवशी काहीच लिहावंसं वाटणार नाही. तेव्हा तारीख आणि अध्याय लिहून वही मिटा. निर्गम १६ मधला मान्ना रोज सकाळी गोळा करावा लागे आणि लोभानं उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडत. त्या मान्न्याची चव रोज वेगळी होती असं शास्त्र म्हणत नाही.

मग ती परदेशाची नोकरी? तिचंही बोलू. समजा एजंटानं सांगितलं की दोन वर्षांचा अनुभव लागतो, मुलीला एकच वर्ष आहे, पण दाखला आपण करून देऊ. इथे वचन शोधायची, उपास धरायची गरजच नाही. खोट्या साक्षीबद्दल देवाला काय वाटतं ते दहा आज्ञांत सांगून झालेलं आहे. उघड सांगितलेल्या गोष्टीवर पुन्हा खूण मागणं म्हणजे गिदोनाची लोकर अंगणात पसरणं. शास्ते ६ नीट वाचा, देवानं गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. त्याच्या भित्रेपणाला देवानं सांभाळून घेतलं ही देवाची दया, तो आपल्यासाठी कित्ता नव्हे.

दाखला खरा असेल, सगळं सरळ असेल, तर प्रश्न खुला आहे. कुठल्या देशात जावं हे शास्त्र सांगणार नाही. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे की ज्याला ज्ञान कमी पडतं त्यानं ते देवाकडे मागावं, तो दोष न लावता देतो. तेव्हा तयार उत्तर मागण्यापेक्षा नीट पाहण्याची बुद्धी मागा. मग माणसांकडे जा. नीतिसूत्रे १५:२२ चा आशय असा की सल्ल्याविना बेत फसतात. पाळकांना विचाराच, पण त्या देशात काम करून आलेल्या एखाद्या ताईंनाही गाठा आणि पगार, कर्ज, सुट्ट्या, तिथली मंडळी यांबद्दल मोकळेपणानं विचारा. मुलीला स्वतःला काय वाटतं हे तिला एकटीला बसवून विचारा. आणि स्तोत्र १३९ चा शेवट घेऊन स्वतःचं मन तपासा. आपल्याला तिच्या भविष्याची काळजी आहे, की नातेवाइकांत सांगायला काही हवं आहे? थांबवत असू तर तिच्यासाठी थांबवतोय, की आपल्या एकटेपणाच्या भीतीनं?

घाई करू नका, हे मी आवर्जून सांगेन. नहेम्यानं यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी किस्लेव महिन्यात ऐकली आणि राजाशी तो बोलला नीसान महिन्यात. मधले चार महिने त्यानं उपास आणि प्रार्थनेत घालवले. पण राजानं विचारलं तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयार होतं. किती दिवस लागतील, कोणत्या सुभेदारांना पत्रं हवीत, लाकूड कुठल्या वनातून मिळावं, सगळं. यरुशलेमेत पोचल्यावर त्यानं रात्री गुपचूप फिरून तटाची पाहणी केली. शत्रू चालून येणार कळलं तेव्हा त्यानं प्रार्थना केली आणि पहाराही बसवला, एकाच वचनात दोन्ही आहेत, नहेम्या ४:९. तट ५२ दिवसांत उभा राहिला. जे लोक म्हणतात की विश्वास असेल तर चौकशी कशाला, त्यांनी हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं.

आजारपणातही हेच. हिज्कीया राजाला देवानं यशयाच्या तोंडून आणखी १५ वर्षांचं आयुष्य कबूल केलं आणि त्याच २ राजे २० मध्ये यशयानं अंजिरांचा लगदा करून गळवावर बांधायला सांगितलं. वचनही देवाचं, औषधही देवाचं. प्रार्थना सुरू केली म्हणून इन्शुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करायला कुणी सांगत असेल, तर ते ऐकू नका.

एका बाबतीत तर फार सावध राहा. मंडळीतलं कुणीतरी येतं आणि म्हणतं, देवानं मला तुझ्याबद्दल सांगितलं आहे: अमक्याशी लग्न कर, अमुक रक्कम दे, ती नोकरी सोड. १ राजे १३ उघडा. यहूदाहून बेथेलला आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती की तिथे खायचं नाही, प्यायचं नाही, आल्या वाटेनं परतायचं नाही. राजाचं आमंत्रण त्यानं ठामपणे नाकारलं. पण एक म्हातारा संदेष्टा आला आणि देवदूतानं आपल्याला निरोप दिला असं खोटं सांगून त्याला घरी जेवायला घेऊन गेला. परतताना वाटेत सिंहानं त्याला मारलं. राजापुढे न डगमगलेला माणूस दुसऱ्याच्या तोंडच्या ‘देवानं सांगितलं’ला भुलला. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणंही रोज शास्त्र उघडून पडताळून पाहिलं आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ त्यांचं कौतुकच करतं. तुम्हालाही तो हक्क आहे, समोरचा माणूस कितीही मोठा असो.

सगळं नीट करूनही कधी कधी आतून काहीच उत्तर येत नाही. वाचतो, प्रार्थना करतो आणि भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. अशा वेळी आपला विश्वासच कमी, असं म्हणून स्वतःला कोसू नका. स्तोत्र ८८ वाचा. इतर विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात, हे काळोखातच संपतं, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे. योसेफ १७ वर्षांचा असताना त्याची गोष्ट सुरू होते, भावांनी त्याला विकलं, आणि तो फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा होता. मधल्या काळात, पोटीफराच्या घरी किंवा तुरुंगात, देव त्याच्याशी बोलल्याची एकही नोंद उत्पत्तीत नाही. परमेश्वर त्याच्याबरोबर होता हे आपल्याला, वाचणाऱ्यांना, सांगितलेलं आहे. योसेफानं काय केलं? समोरचं काम प्रामाणिकपणे केलं, धन्याच्या बायकोला नकार दिला आणि तुरुंगात सोबतच्या कैद्यांचे चेहरे उतरलेले दिसले तेव्हा त्यांची विचारपूस केली. मार्गदर्शन मिळत नसेल तेव्हा एवढं करणं आपल्याही हातात असतं.

कधी उत्तर न येण्याचं कारण फार साधं असतं. १ राजे १९ मध्ये ईजबेलीला घाबरून पळालेला एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो, खा म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा तेच. मंद वाणी ऐकू येते ती पुढे, होरेब डोंगरावर, ४० दिवसांनी. महिनाभर इस्पितळात आईच्या उशाशी जागलेल्या मुलीनं रात्री दोन वाजता देवाची इच्छा शोधत बसू नये. कुणाला तरी बसवून घरी जाऊन झोपावं.

निर्णय घेतल्यावर सगळं सुरळीत झालं नाही तर? आपलं चुकलं, देवानं सांगितलंच नव्हतं, असं लगेच मनात येतं. त्या दिवसांसाठी प्रेषितांची कृत्ये १६ राखून ठेवा. पौल आणि सोबत्यांना आसियात बोलायला मनाई होते, बिथुनियात जाऊ म्हणतात तर तीही वाट बंद. ते त्रोवसला येतात, रात्री मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात दिसतो, आणि सकाळी सगळे मिळून विचार करून अर्थ लावतात. इतकं स्पष्ट मार्गदर्शन फार थोड्यांना मिळालं. त्या वाटेनं ते फिलिप्पैला पोचतात, नदीकाठी लुदिया भेटते, तिचं घर उघडतं, आणि काही दिवसांतच पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवून आतल्या तुरुंगात पडलेले असतात. वाट बरोबर होती आणि तिथेच तुरुंग होता.

हा अध्याय संपला की लगेच फिलिप्पैकरांस पत्र वाचायला घ्या. चारच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. त्याच गावातल्या मंडळीला, काही वर्षांनी, पुन्हा तुरुंगातूनच पौलानं ते लिहिलं आहे. वाचताना त्यात आनंदाचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलीनं खूण करत जा, आणि ते ऐकणाऱ्यांत लुदिया असेल, त्या रात्री पौलाच्या जखमा धुणारा तुरुंगाचा अधिकारी असेल, असं समजून वाचा.